गाडी उभी हाय

माझी भाची सदान्‌कदा फोनवर काहीतरी लिहीत असते. परवा मी विचारलं, "कुणाशी एवढं बोलतेस?" ती म्हणाली, बोलत नाही, खेळते. कुठल्या कुठल्या गावांतली, एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं जमतात, प्रत्येक जण कुणीतरी होतो, कुणी राजा, कुणी चेटकीण, आणि सगळे मिळून लिहून लिहून गोष्ट पुढे नेतात. मग तिने मला त्यातले शिष्टाचार समजावायला घेतले. दुसऱ्याच्या पात्राला आपण हलवायचं नाही. काय आवडतं आणि काय चालणार नाही ते आधीच सांगून टाकायचं. स्वतःचं काही बोलायचं असेल तर कंसात बोलायचं. हे ती अशा थाटात सांगत होती, की जणू हे सगळं तिच्याच पिढीला सुचलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई गं, तुझी आई फ्रॉक घालून हिंडत होती तेव्हा आम्ही हे परभणीत केलंय. तेही कंदिलाच्या उजेडात." तिला ते खरं वाटलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी झरीची. घरी शेती बऱ्यापैकी, आणि घरात सगळ्यात मोठा आवाज माझा. बारावी झाल्यावर वडिलांनी मला परभणीला डी.एड.ला घातलं, त्यात माझ्या शिक्षणाइतकीच घरातल्या शांततेचीही सोय त्यांनी पाहिली असावी. मुलींचं वसतिगृह कॉलेजच्या मागेच होतं. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसट्या डेपोतच उभ्या. बाहेर जरा काही झालं की आमचं फाटक लागायचं, आणि आत वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या मतांच्या मुली एकमेकींकडे बघत बसायच्या. भांडणं होऊ नयेत म्हणून रेक्टरबाईंनी एक जालीम उपाय काढला होता. दिवेलागणीपासून जेवणाच्या घंटेपर्यंत मौन. सगळ्यांनी हॉलमध्ये बाकांवर बसायचं, अभ्यास करायचा, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाई स्वतः समोर खुर्ची टाकून स्वेटर विणत बसायच्या. परभणीच्या हवेत हा स्वेटर कोण घालणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

बाईंचे कान फार तिखट. कुणी कुजबुजलं की सुई थांबायची. पण लिहायला बंदी नव्हती. उलट खाली मान घालून लिहिणारी मुलगी दिसली की त्यांचा चेहरा कसा निवायचा. मग आम्ही लिहायला लागलो.

शेवटच्या बाकावर आम्ही तिघी होतो. मी, एक जिंतूरची आणि एक पोखर्णीची. डी.एड.च्या मुलांना वर्गात शिकवायला जाण्याआधी पाठटाचण काढावं लागतं, म्हणजे तासाला काय काय करणार ते कागदावर मांडायचं. तपासून झालेल्या पाठटाचणांची मागची बाजू कोरीच असायची. त्या कोऱ्या बाजूवर आम्ही एक गाव वसवलं. मी झाले गावचा पाटील. पुरुष, विधुर, मिशा मोठ्या, कुस्तीचा नाद. जिंतूरची झाली सासू. तिला सून नव्हती, पण सासू होण्यासाठी तिला सुनेची गरज भासत नसे, ती सगळ्या गावाचीच सासू होती. पोखर्णीची झाली डॉक्टरीण. तिला रोग्यांपेक्षा पांढऱ्या साडीची हौस जास्त. कागद बाकाखालून फिरायचा. जिच्यापुढे येईल तिने आपल्या माणसाचं बोलणं, वागणं लिहायचं आणि पुढे सरकवायचा.

गावाला नाव मात्र दिलं नाही. एकदा पोखर्णीचीने सुचवलं, की चला, नाव ठेवू. त्याच आठवड्यात नावावरून शहर बंद होतं, आणि हॉलमधल्या निम्म्या मुली उरलेल्या निम्म्यांशी बोलत नव्हत्या. आम्ही तिघींनी कागदाकडे पाहिलं, मग पुढच्या बाकांकडे पाहिलं. जिंतूरचीने लिहिलं, "सासू म्हणते, नावाचं नंतर बघू, आधी नळ आणा." त्यानंतर ते गाव कायम आपलं गावच राहिलं.

नियम मी केले. कुणीतरी करायला हवेच होते, आणि माझ्याशिवाय दुसरं कुणी केलेले नियम मला पटत नाहीत. पहिला नियम, आपल्या माणसाचं आपण लिहायचं, दुसरीच्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. दुसरा, कंसात लिहिलेलं ते आपलं स्वतःचं, गावातल्या माणसाचं नव्हे. "पाटील गरजले" आणि "(पेन सांभाळून वापर, निब वाकलंय)" यांची सरमिसळ होता कामा नये. तिसरा नियम जिंतूरचीमुळे करावा लागला. पाटलाने रात्री शेतात गुपचूप काही पुरलं, असं मी एकदा लिहिलं. पुढच्याच ओळीत सासू येऊन विचारते, "काय हो पाटील, शेतात काय पुरलं?" मी कंसात लिहिलं, "(तुला कसं कळलं? सासू तेव्हा नदीवर धुणं धूत होती.)" तिने लिहिलं, "(मी वाचलं की.)" मी लिहिलं, "(तू वाचलंस. सासूने नाही. सासूला लिहिता-वाचता येत नाही.)" यावर तिने एक अख्खं पान खर्ची घालून सासूला प्रौढ शिक्षणाच्या वर्गात घातलं, केवळ मला खिजवायला. तेव्हापासून ठरलं, की आपण वाचलं म्हणून आपल्या माणसाला कळलं असं होत नाही.

पोखर्णीचीचा त्रास वेगळाच होता. कागद तिच्याकडे गेला की परत यायचा नाही. डॉक्टरीण दवाखान्यात आली एवढं सांगायला तिला काठापासून पदरापर्यंत साडीचं वर्णन लागायचं. आम्ही दोघी ताटकळत बसायचो. शेवटी पानभर वर्णनाखाली जिंतूरचीची एकच ओळ यायची, "सासू म्हणाली, बरं." पोखर्णीची त्यावर दोन दिवस रुसायची. तिला प्रेमाचीही भारी हौस. डॉक्टरणीला गावात दुसरं कुणी मिळेना, म्हणून तिची नजर माझ्या पाटलावर गेली. मी साफ नाही म्हटलं. माझा पाटील कुस्तीगीर होता, त्याला हे परवडणारं नव्हतं. मग तिने एक कंपाउंडर पैदा केला आणि त्याच्याशी सूत जुळवलं. तिथेही नियम होता, हातात हात येईपर्यंत लिहायचं, पुढे "तेवढ्यात लाइट गेली" असं लिहून थांबायचं. परभणीत लाइट इतकी जायची की ते कुणालाच खोटं वाटत नसे.

दिवाळीनंतर आमच्या बाकावर चौथी आली. मेंढपाळांची मुलगी. तिच्या घरची माणसं वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन पूर्णेच्या काठाने, येलदरी धरणाच्या वरच्या अंगाला हिंडायची. ती मामाकडे राहून शिकली होती. अंगाने किडकिडीत, पायांना जबर घट्टे, आणि बोलणं असं की समोरच्याने आधी हसावं का चिडावं ते कळू नये. आम्ही काय करतो ते तिने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने कागद स्वतःकडे ओढला आणि लिहिलं, "पाटील विहिरीत पडला. मेला. तेरावं झालं. आता काय?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जूनपासून मिशांना तूप लावून वाढवलेला माझा पाटील! मी कंसात लिहिलं, "(दुसऱ्याच्या माणसाला न विचारता मारता येत नाही.)" तिने शांतपणे लिहिलं, "(मेंढरात लांडगा विचारून येत न्हाई.)" जिंतूरचीला हसू आवरेना. तिने तोंडात पदर कोंबला, तरी बाईंची सुई थांबलीच.

त्या रात्री मेसमध्ये मी तिच्या शेजारी बसले नाही. दुसऱ्या दिवशी धुण्याच्या हौदावर तीच माझ्याजवळ आली, बादली ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"तुमी माज्यावर कामून रुसलाव?"

"पाटील मारलास म्हणून."

"मंग आदीच सांगायचं की, मारायचा न्हाई म्हणून. तुमच्या पोटातलं मला कसं कळंल? पावनं आले तरी आपण इचारतोव, तिखट चालंल का, गूळ चालंल का. तुमी एवढे नियम केले, आन येणाराला काय नको ते इचारायचा नियमच न्हाई केला."

मला एवढा राग आला की काय सांगू. राग यासाठी, की ते बरोबर होतं आणि मला सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी चौथा नियम लिहिला गेला. गावात येणाऱ्या प्रत्येकीने आधी आपलं हो-नको लिहून द्यायचं. आपल्या माणसाचं काय झालेलं आवडेल आणि काय अजिबात चालणार नाही. आणि नकोचं कारण कुणी विचारायचं नाही, ही पुरवणी तिने जोडली. मी लिहिलं, हो: भांडण, निवडणूक, कुस्ती. नको: रडारड, मरण, डॉक्टरीण. जिंतूरचीने लिहिलं, हो: टोमणे. नको: भूत. पोखर्णीचीने काय लिहिलं ते सांगायला इथे जागा पुरायची नाही.

मेंढपाळांची मुलगी मात्र म्हणाली, मी एसटीची कंडक्टर होणार. हो: प्रवास, तिकिटं, घंटी. नको: गाडी बंद पडणं.

जिंतूरचीने विचारलं, "एवढी हिंडतेस घरच्यांबरोबर, अजून हौस फिटली नाही?"

"चालून चालून पाय गेले," ती म्हणाली. "आता बसून हिंडायचंय."

"अगं, पण कंडक्टर उभाच असतो."

"त्याला शीट आसती. राखीव. माज्याबिगर कुणी बसू शकत न्हाई."

पाटलाचं पुढे असं झालं, की विहीर कोरडी निघाली. पाटील आत झोप काढत होते, ते उठून बाहेर आले आणि स्वतःच्याच तेराव्याच्या पंगतीत बसून जेवले. हे मी लिहिलं तेव्हा सगळ्यात जास्त तीच हसली. जेवणाच्या घंटेनंतर मुली उठत होत्या, तेव्हा रेक्टरबाई माझ्याजवळ येऊन इतकंच म्हणाल्या, "विहिरीला कठडा असावा म्हणते मी." आणि लोकरीचा गुंडा उचलून निघून गेल्या. आम्ही चौघी तिथेच उभ्या. पाठटाचणांचे ते गठ्ठे आम्ही हॉलच्या कपाटात ठेवायचो, आणि त्या कपाटाची किल्ली बाईंकडे असायची. एवढी साधी गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

कंडक्टर आल्यापासून गाव हललं. आधी आम्ही सगळ्या चावडीवर बसून भांडत होतो, आता गाडीत बसून भांडायला लागलो. ती लिहायची कमी आणि ऐकायची जास्त. सासू कुरकुरली की तिला पुढची जागा द्यायची, डॉक्टरणीचं वर्णन लांबलं की "मागं सरका, मागं सरका" लिहायची. कुणाला दुखेल असं तिने पुन्हा कधी लिहिलं नाही, आणि कुणी रुसलं तर तिला आधी कळायचं. मला ती फार आवडायला लागली. हे मी तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा तिला बघायला पाहुणे येणार असा निरोप आला. घरची माणसं मेंढरांमागे, मामाच्या घरी आजारपण, म्हणून कार्यक्रम वसतिगृहातच, रेक्टरबाईंच्या खोलीत ठरला. हौदावर ती माझ्याशी बोलली.

"लग्नाला माजं न्हाई म्हणणं न्हाई," ती म्हणाली. "पण दुसरं वर्ष सुटलं तर मंग सगळंच सुटलं. आमच्यात कुणी मास्तरीण झाली न्हाई आजून. मला व्हायचंय."

"मग सांग तसं."

"तितं पोरीनं बोलायचं आसतंय का? इचारलं तेवढंच सांगायचं."

पाहुण्यांत मुलगा आणि त्याची आत्या, एवढेच. मुलगा दहावी झालेला, धरणावर रोजंदारीने कामाला. आईवेगळा, आत्यानेच वाढवलेला. आत्या म्हणजे काय प्रकरण होतं! कमरेला चंची, कपाळभर कुंकू, आणि आवाज असा की खोलीत बोलली तरी फाटकावरचा शिपाई दचकायचा. तिच्यापुढे, मेंढरं सोडून दिवसापुरते आलेले मुलीचे वडील खांद्यावरची घोंगडी सावरत बसले होते. पोखर्णीचीने साडी नेसवली, मी पोहे घेऊन गेले आणि ट्रे हातात धरून भिंतीला उभी राहिले. बाहेर जायला कुणी सांगितलं नाही आणि मी गेले नाही.

"चालून दाखव," आत्या म्हणाली.

"तिचं चालणं काय बगता," वडील म्हणाले, "उभी जिंदगी मेंढरामागं चालली ती."

आत्याला ते पटलं. भाकरी येते का, धार काढता येते का, सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली, "शिकल्याली हाय म्हंता. अक्षर दाव की."

मुलीचं अक्षर बघायची तेव्हा पद्धतच होती. बहुतेक मुली आपलं नाव-गाव लिहून द्यायच्या. बाईंनी कागद आणि पेन पुढे केलं. तिने कागद मांडीवरच्या पाटावर घेतला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि लिहायला लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते.

तिने लिहिलं होतं, "हो: लग्न, मेंढरं, शेतातलं काम, भाकरी. वरण मला नीट जमत नाही. नको: डी.एड. अर्ध्यात सोडणं. कारण विचारू नये."

आत्याने कागद घेतला. हात लांब करून धरला, ओळींवरून बोट फिरवलं. "आगं बया! मोत्यावानी हाय की!"

"आमच्या घराण्यातच हाय ते," वडील म्हणाले. त्यांचा अंगठा वर्षानुवर्षं शाईत बुडालेला, पण मुलीच्या अक्षराचा मान ते सोडणार नव्हते.

"कुठं अडलं न्हाई, कुठं खोडलं न्हाई," आत्या सांगत होती. "सरळ लाइनीत. पोरगी सरळ हाय."

मग कागद मुलाकडे गेला. तो वाचायला लागला आणि वाचतच राहिला. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, संपलं, आता हा उठून जाणार. त्याने बाईंकडे पेन मागितलं.

"तू कामून लिवायलास?" आत्या ओरडली. "तुजं अक्षर बगाय आल्यात का ते?"

त्याने मान वर न करता लिहिलं आणि कागद बाईंकडे दिला. बाईंनी चष्मा पुसून तो वाचला, मला दिसेल असा धरून. खाली लिहिलं होतं, "माझं नको: वरण. बाकी सगळं मंजूर."

"दोघांचंही अक्षर वाचण्यासारखं आहे," बाई म्हणाल्या. आत्या खूश. तिने तो कागद घडी घालून चंचीत ठेवला आणि पोह्यांची दुसरी बशी मागितली.

त्या वर्षीच्या मौनाच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळं गाव जत्रेला निघालो होतो. पाटील खिडकीपाशी, सासू पुढे, डॉक्टरीण कंपाउंडरच्या बाजूला. कंडक्टरने तिकिटं फाडली, घंटीच्या दोरीला हात घातला, आणि इतक्यात जेवणाची खरी घंटा झाली. तिने लिहिलं, "(राहू द्या. उरलेलं जूनमध्ये.)"

मे महिन्यात तिचं लग्न झालं. जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि ती आली नाही.

पहिले काही दिवस आम्ही कागद काढलाच नाही. मग काढला, तर भलताच पेच. अख्खं गाव गाडीत बसलेलं आणि घंटी देणारी नाही. पोखर्णीची म्हणाली, दुसरा कंडक्टर घालू. मी म्हटलं, दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही. जिंतूरची म्हणाली, गाडी बंद पडली असं लिहू आणि सगळे उतरू. मी तिचं हो-नको काढून दाखवलं. नको: गाडी बंद पडणं. चालू नाही, बंद नाही, मग आहे तरी काय? मी लिहिलं, "गाडी उभी हाय. एवढंच."

मग आमचं गाव त्या उभ्या गाडीत राहायला लागलं. सासूने पुढच्या सीटवर चूल मांडली. डॉक्टरणीने मागच्या बाजूला दवाखाना काढला आणि लाइट जायची सोय नसल्याने कंपाउंडरशी तिचं काहीच पुढे सरकेना. पाटलाने गाडीतल्या गाडीत निवडणूक घेतली आणि ड्रायव्हरकडून हरला, कारण ड्रायव्हर पुढे तोंड करून बसल्याने त्याचं कुणाशीच वैर नव्हतं. सासूला खिडकी हवी होती. तिने गुडघे दुखतात म्हणून सांगून पाहिलं, शाप देऊन पाहिला. पाटलाने खिडकी सोडली नाही. राखीव सीटवर मात्र कुणी बसलं नाही, बोचकंसुद्धा ठेवलं नाही.

हसत होतो, पण श्रावण लागला तशी मला भीती वाटायला लागली. कुणीतरी बातमी आणली, की ती सासरच्यांबरोबर मेंढरं घेऊन नदीपलीकडे गेलीये. प्राचार्यांनी सांगितलं, गणपतीच्या सुट्टीआधी हजर झाली नाही तर नाव कमी करावं लागेल. पोखर्णीचीने एक दिवस कंसात लिहिलं, "(लग्न झालेली परत येत नसते. किती दिवस बसवून ठेवणार आहेस आम्हाला?)" मी त्यावर इतकं जोरात लिहिलं की निब मोडलं. "(ती येईल. नाही आली तर मी इथेच बसून राहीन.)" मग मी वसतिगृहाच्या मागे जाऊन रडले. रडणं पाटलाच्या नकोच्या यादीत होतं, माझ्या नव्हतं.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये मौनाला बसलो होतो. फाटकाकडून एक आवाज आला आणि सगळ्या मुलींच्या माना वळल्या. तो आवाज मी एकदाच ऐकला होता, पण विसरणं शक्य नव्हतं.

"आडीवतोस कुणाला? रातच्याला बाई माणसाला भाईर ठिवतोस? जा, तुज्या बाईला म्हणावं पोरगी आलीया!"

पुढे आत्या, तिच्या मागे पत्र्याची पेटी डोक्यावर घेतलेला तिचा भाचा, आणि त्याच्या मागे ती. काळवंडली होती, गळ्यात काळी पोत होती, आणि हसू दाबल्याने गाल फुगले होते. बाई उठून उभ्या राहिल्या. आत्याने चंचीतून एक कागद काढला. घड्या पडून पडून तो पार चिंध्या व्हायला आला होता.

"ह्यो बगा," ती बाईंना म्हणाली. "सून लिवणारी मिळाली म्हणून समद्या सोयऱ्या-धायऱ्यात दावला म्या. लगनात दावला, बारशात दावला. हरेक जण वाचायचा आन गालातल्या गालात हासायचा. मला वाटलं, अक्षराला हासत्यात, खुशीनं. आन हिकडं मी पोरीला बजावलं हुतं, आता साळा बस. मेंढरामागं मानूस नको का? तर ह्यो पोरगा म्हंतो, कागदावर मंजूर झालंय. म्या म्हणलं, काय मंजूर? चल मास्तराकडं. मास्तरानं पारावर वाचला, समद्यांपुढं. शाळा सोडायची न्हाई म्हणं. आन खाली ह्येनं सही ठोकल्यावानी मंजूर!" तिने भाच्याकडे डोळे वटारले. "बरं, वरनाचं तरी सांगायचं मला. म्या रोज रांधायलेय, ह्यो रोज गुमान खायलाय. आता मीच गावभर मिरवल्याला कागद. न्हाई म्हणू कोणत्या तोंडानं? म्हणून मीच आणून सोडायलेय. वाचवा तिचं नाव."

"नाव आहे," बाई म्हणाल्या. "आजपर्यंत आहे."

आमच्या कंडक्टरने पेटी भिंतीशी लावली आणि सरळ शेवटच्या बाकावर येऊन आपल्या जागेवर बसली. जागा रिकामीच होती. मी कागद पुढे सरकवला. उभ्या गाडीची ती सगळी पानं ती वाचायला लागली, आणि चुलीपाशी आल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसून की कशाने ते मी विचारलं नाही.

आत्या मागोमाग येऊन बाकावर बसली. "काय हाय गं ह्ये?"

सुनेने हळू आवाजात सांगितलं. सगळं गाव गाडीत बसलंय, जत्रेला चाललंय, तिच्यासाठी थांबलंय. आत्याने ऐकून घेतलं. आत्या आपल्याला हसेल म्हणून मी तयारीत होते. पण ती म्हणाली, "मंग मलाबी घ्या की. जागा हाय का?"

नियम म्हणजे नियम. मी कोरा कागद घेतला आणि हळूच विचारलं. "आत्या, आधी तुमचं हो-नको सांगा. तुम्हाला काय आवडेल, काय नको."

"मपलं?"

"हो, तुमचं."

आत्याने सुनेकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. सुनेच्या पायांसारखेच घट्टे होते तिच्या पायांना.

"आसं कुणी इचारतंय व्हय," ती पुटपुटली. मी पेन कागदावर टेकवलं. "दारात बोचक्यावर नको," ती म्हणाली. "आजवर कवा बसले यष्टीत, तर तितंच बसले." मग, मला नीट ऐकूही येऊ नये इतकं हळू, "खिडकी आसंल तर बगा."

मी लिहिलं, "पाटील उठले आणि म्हणाले, आत्या, इथं बसा." जिंतूरचीने कंसातसुद्धा काही लिहिलं नाही. कंडक्टरने तिकीट फाडलं, मागे पाहिलं, पुढे पाहिलं, "समदे बसले का?" लिहिलं, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "डबल बेल."

समोर पुन्हा विणायला बसलेल्या बाईंच्या सुया थांबल्या. हॉलमध्ये एवढं सगळं होऊनही बाकी मुली शब्द न काढता बसल्या होत्या.

"सुटली का गं एकदाची?" रेक्टरबाई म्हणाल्या. मौनाचा तास त्या दिवशी त्यांनीच मोडला.